पाड्याचा आकडा नकाशावर हवा

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत अक्राणी तालुक्यातल्या प्रत्येक गावाला एक ओळ मिळते. घरे किती, माणसे किती, त्यात बायका किती, सहा वर्षांपर्यंतची मुले किती, अनुसूचित जमातीचे लोक किती, साक्षर किती, काम करणारे किती, अशा रकान्यांमधून ती ओळ पानभर जाते. पण सातपुड्यातले गाव म्हणजे चावडीभोवती दाटलेली घरे नव्हेत. एका महसुली गावात अनेक पाडे असतात. एक डोंगराच्या सोंडेवर, दुसरा नाल्यापलीकडे, तिसरा वरच्या पठारावर. एकातून दुसऱ्यात जायचे तर आधी उतरायचे आणि मग पुन्हा चढायचे. ही सगळी विखुरलेली वस्ती पुस्तिकेत एका ओळीत, एका बेरजेत जमा होते. कोणत्या पाड्यात किती माणसे आहेत हे प्रगणक घरोघर फिरून नोंदवतो, सरकारकडे ते पोहोचते, आणि तिथून पुढे कोणालाच दिसत नाही. येत्या जनगणनेचे आकडे पाड्यापर्यंत, नकाशावर, मराठीतून आणि कोणालाही उतरवून घेता येतील अशा रूपात इंटरनेटवर खुले झाले पाहिजेत, आणि तसा निर्णय माणसे मोजून होण्याआधी जाहीर झाला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. ही मागणी साऱ्या देशासाठी रास्त आहे, पण नंदुरबार जिल्ह्यात ती किती निकडीची आहे हे सर्वांत स्पष्ट दिसते.

२०११च्या जनगणनेत नंदुरबारची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती. त्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्याची ८२. हे आकडे गेली दीड दशके प्रत्येक अहवालात आणि प्रत्येक भाषणात येत राहिले आहेत, पण त्यांवरून जिल्हा कळत नाही. तापीकाठची शहादा आणि नंदुरबार तालुक्यांतली काळी, ओलिताखालची जमीन, तिथली ऊस-केळी-पपईची शेती, साखर कारखाना, बाजारपेठा हे एक जग आहे. अक्कलकुवा आणि अक्राणीतला, म्हणजे लोक ज्याला धडगाव तालुका म्हणतात तिथला डोंगर हे दुसरे. दोन्हींची सरासरी काढली की जे उरते ते कुठल्याच गावाचे वर्णन नसते. तालुक्याची सरासरीही फसवते आणि डोंगरात गावाचीसुद्धा. जिल्हा पुस्तिकेतल्या ग्राम निर्देशिकेत एखादी सुविधा गावात नसेल तर ती किती दूर आहे हे तीनपैकी एका अक्षराने सांगितलेले असते: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, किंवा दहाच्या पुढे. सपाटीवर हे चालून जाते. सातपुड्यात एकाच गावातल्या दोन पाड्यांना दवाखान्यापर्यंतचा रस्ता सारखा नसतो. एकासमोर डांबरी सडक असते आणि दुसऱ्यातून आजारी माणसाला झोळीत घालून सडकेपर्यंत आणावे लागते. निर्देशिकेत मात्र दोघांना एकच अक्षर.

यावर कोणी म्हणेल की जनगणना हे मोजणीचे काम आहे, नियोजनाचे नाही. पाड्यांची काळजी ज्या त्या खात्याने करावी. हा युक्तिवाद टिकत नाही, कारण खात्यांचे निकष वस्तीवर आणि लोकसंख्येवरच बेतलेले आहेत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आदिवासी आणि डोंगरी भागात २५० लोकसंख्येच्या वस्तीला रस्ता देते, आणि त्या योजनेच्या चौथ्या टप्प्यासाठी आधार धरला आहे तो २०११च्या जनगणनेचा. आरोग्य उपकेंद्र आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी असे शिक्षण हक्काचे नियम सांगतात. धोरण वस्तीची भाषा बोलते आणि जनगणना गावाचा आकडा देते. मधली जागा कोण भरतो? तलाठ्याचा किंवा ग्रामसेवकाचा दाखला, ठेकेदाराचा अंदाज, नाहीतर कोणाच्या तरी शिफारशीचे पत्र. ज्या पाड्याला बोलणारा माणूस आहे त्याचे २५० भरतात, ज्याला नाही त्याचे भरत नाहीत. एखाद्या पाड्याला रस्ता नाकारला गेला तर त्या पाड्यातल्या लोकांकडे वाद घालण्यासाठी सरकारमान्य असा एकही आकडा नसतो, आणि तो आकडा त्यांच्याच दारात उभे राहून लिहून घेतलेला असतो. मला यातला अन्याय फार मोठा वाटतो.

अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याने ही गोष्ट आणखी टोकदार केली आहे. महाराष्ट्राच्या २०१४च्या पेसा नियमांनुसार पाड्यातले मतदार ठराव करून आपल्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागू शकतात, आपली ग्रामसभा स्थापू शकतात. २०१५पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के हिस्सा, ज्याला अबंध निधी म्हणतात, थेट पेसा ग्रामपंचायतींकडे जातो आणि तो लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जातो. म्हणजे कायद्याने पाड्याला गाव होण्याचा हक्क दिला, पैसा लोकसंख्येवर ठरवला, आणि पाड्याची लोकसंख्या तेवढी दडलेली राहिली. ग्रामसभेत बसलेल्या माणसाला निधी कोणत्या पाड्यावर किती खर्च झाला हे विचारायचे असेल, तर पहिला प्रश्न तिथे राहतात किती हाच असतो, आणि त्याचे खात्रीचे उत्तर सभेत कोणाकडेच नसते.

आता नकाशाची बाब. पाड्यांची नावे आणि आकडे नुसत्या यादीत दिले तर काय बिघडते, असे विचारता येईल. नंदुरबारमध्ये बरेच बिघडते, कारण इथली गावे जागेवर राहिलेली नाहीत. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावे आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली, चिमलखेडी, डनेल, मुखडी, बामणी, डोमखेडी, निमगव्हाण ही नावे नर्मदेच्या लढ्यामुळे देशाला ठाऊक झाली. त्यांतली काही कुटुंबे गुजरातेत गेली, काही तळोदा आणि शहादा तालुक्यांतल्या सोमावल, रोझवा, रेवानगर, नर्मदानगर अशा वसाहतींत आली, आणि काही मूळ गावातच वरच्या टेकडीवर सरकून राहिली. २०११मध्ये धरणाची उंची १२१.९२ मीटर होती. पुढे दरवाजे बसले आणि २०१९मध्ये पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पोहोचले. या दोन वर्षांमधल्या काळात नदीकाठची जमीन, वाटा आणि घरे यांची मांडणीच पालटली. जुन्या यादीतले गावाचे नाव आणि नव्या यादीतले नाव सारखे असले तरी ते एकाच जागेबद्दल बोलतात का, हे यादीवरून कळणार नाही. ते फक्त नकाशा सांगू शकतो. नर्मदेच्या फुगवट्यात चालणाऱ्या तरंगत्या दवाखान्याची बोट कोणत्या काठाला थांबली तर जास्तीत जास्त बाळंतिणींना आणि लहान मुलांना उपयोग होईल, हा प्रश्न जागेचाच आहे. गावाच्या नावापुढची बेरीज त्याला उत्तर देत नाही.

धरणाखेरीजही बदल आहेत. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे १९९१ आणि त्याआधीचे आकडे धुळ्याच्या पुस्तिकांत शोधावे लागतात, आणि त्याहूनही मागे गेले तर पश्चिम खानदेशात. डोंगरातली वनगावे महसुली झाली. २०११नंतर धडगाव, वडफळ्या आणि रोषमाळ बुद्रुक मिळून नगरपंचायत झाली, म्हणजे कालची गावे आज शहराच्या खात्यात. पन्नास वर्षांत अमुक खोऱ्यात माणसे वाढली की घटली, शाळेच्या वयाच्या मुली किती होत्या आणि आता किती आहेत, हा साधा प्रश्न विचारायचा तर संशोधकाला आधी महिनाभर नावांची आणि संकेतांकांची जुळवाजुळव करावी लागते. हे काम एकदा सरकारने नीट करून, कोणते जुने गाव आजच्या कोणत्या सीमेत येते हे नकाशावर मांडून ठेवले, तर पुढच्या प्रत्येकाचा तो महिना वाचेल.

आकडे आज खुले नाहीत असे मी म्हणत नाही. जनगणनेच्या संकेतस्थळावर जिल्हा पुस्तिका आहेत, प्राथमिक गोषवाऱ्याचे तक्ते आहेत, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. १९५१च्या जनगणनेपासून जिल्हावार पुस्तिका काढण्याची परंपरा जनगणना कार्यालयाने राखली ही मोठी गोष्ट आहे. पण पुस्तिका पीडीएफमध्ये आहेत, त्यांतले नकाशे म्हणजे चित्रे आहेत, आणि गावांची नावे रोमन लिपीत. मराठीत गावाचे नाव टाकून शोधले तर काही हाती लागत नाही. रोमनमध्ये शोधावे तर बुद्रुक, खुर्द आणि स्पेलिंग यांच्या गोंधळात दुसऱ्याच गावाची ओळ समोर येऊ शकते. गावांच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाकडे, उपग्रहाधारित नकाशे नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे, माणसांचे आकडे जनगणना आयुक्तांकडे. तिन्ही सरकारी, तिन्ही जनतेच्या पैशातून झालेले, आणि त्यांना एकत्र जोडण्याचे काम वर्षानुवर्षे डेटामीटसारख्या स्वयंसेवी गटांनी फावल्या वेळात केले. अमेरिकेने १९९०च्या जनगणनेसाठी रस्ते आणि सीमा यांचे संगणकीय नकाशे तयार केले, टायगर या नावाने ते खुले केले आणि तेव्हापासून आकडा आणि जागा तिथे एकत्रच मिळतात. आपल्याला हे जमणार नाही असे म्हणायला जागा नाही. महाराष्ट्राने सातबारा ऑनलाइन केला, २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळू लागला, गटाचा नकाशा महाभूनकाशावर दिसू लागला. जमिनीचा तुकडा क्रमांकासह मराठीत दिसतो, तर त्यावर राहणाऱ्या माणसांची संख्या पाड्यासह दिसायला तांत्रिक अडचण कोणती?

सर्वांत गंभीर हरकत गोपनीयतेची आहे, आणि ती घाईने झटकून टाकण्यासारखी नाही. १९४८च्या जनगणना कायद्याचे पंधरावे कलम वैयक्तिक नोंदी कोणालाही पाहू देत नाही, न्यायालयात पुरावा म्हणूनही नाही. ते कलम तसेच राहिले पाहिजे. पाडा लहान असतो. वीस घरांच्या पाड्यात एकच विधवा असेल, एकच पदवीधर असेल, एकच अपंग मूल असेल, तर तक्त्यातला ‘एक’ म्हणजे त्या माणसाचे नावच झाले. आणि बेरजाही निरुपद्रवी नसतात. १९४२मध्ये अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने जपानी वंशाचे लोक कोणत्या भागात किती राहतात याचे बारीक तक्ते लष्कराला दिले आणि त्यांना छावण्यांत नेण्याचे काम त्यामुळे सोपे झाले. त्यात कोणाचे नाव दिलेले नव्हते, तरी समूहाचा पत्ता दिला गेला. म्हणून पाड्याच्या पातळीवर काय खुले करायचे याची यादी जाणीवपूर्वक छोटी ठेवावी: घरे, माणसे, स्त्री-पुरुष, लहान मुले, साक्षरता, पाणी, वीज, शौचालय. धर्म आणि या खेपेला स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच जनगणनेत सविस्तर नोंदली जाणारी जात हे रकाने त्या पातळीवर नकोत. ते तालुक्याच्या किंवा मोठ्या गटाच्या पातळीवर यावेत. फार लहान पाडे शेजारच्या पाड्याशी जोडून दाखवावेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये किमान १०० माणसे आणि ४० घरे असल्याशिवाय जनगणनेचा लहानात लहान विभाग केला जात नाही, आणि त्या विभागांच्या सीमा व आकडे दोन्ही सर्वांसाठी खुले असतात. ब्राझीलने तर २०२२च्या जनगणनेतल्या पत्त्यांची भौगोलिक स्थानेही २०२४मध्ये प्रसिद्ध केली. तेवढे पुढे जाण्याची गरज मला वाटत नाही. घराचे स्थान सरकारी यंत्रणेबाहेर जाता कामा नये. पण गोपनीयतेचे नाव पुढे करून पाड्याची बेरीजही बंद ठेवली, तर ती माहिती नाहीशी होत नाही. ती सरकारजवळ असतेच; नसते ती फक्त पाड्याजवळ.

दुसरी हरकत वेगळ्या दिशेने येते. धडगावच्या वरच्या गावांत मोबाइलला रेंज नाही, तिथे इंटरनेटवरचा नकाशा कोण बघणार? ही हरकत घेणारे बहुधा शहरातले असतात आणि तिच्यामागे कळकळही असते, पण तिचा निष्कर्ष चुकीचा आहे. सातबारा आदिवासी शेतकऱ्याच्या कामी येतो तो त्याच्या स्वतःच्या फोनवर नव्हे, आपले सरकार सेवा केंद्रातून. तसेच इथे होईल. आशाताई, अंगणवाडी सेविका, जिल्हा परिषदेचा शिक्षक, वनहक्काचे दावे भरून देणारा कार्यकर्ता, तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणारी पाड्यातली मुलगी: हे लोक तो नकाशा उघडतील, छापून घेतील, ग्रामसभेत मांडतील. यातल्या प्रत्येकाला आज स्वतःचे सर्वेक्षण स्वतः करावे लागते. अंगणवाडीची यादी वेगळी, शाळेची वेगळी, जलजीवन मिशनची वस्त्यांची यादी वेगळी, आणि एकाच पाड्याचे नाव तिन्हींत तीन प्रकारे लिहिलेले. कुपोषणासाठी ज्या जिल्ह्याचे नाव वर्षानुवर्षे घेतले जाते, ज्याला २०१८मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातले, तिथे लहान मुले नेमकी कोणत्या पाड्यांत किती हे तीन खात्यांना तीन प्रकारे ठाऊक असावे, ही स्थिती बदलायची तर सगळ्यांनी ज्याला आपली यादी जोडावी असा एक समान पाया लागेल. पाड्याला जनगणनेचा स्वतःचा कायम संकेतांक मिळाला तर तो पाया तयार होईल.

नकाशा खुला केला की तो खरे बोलेलच असे मात्र समजू नये. २०११ची लोकगणना, म्हणजे घरयादीनंतरचा प्रत्यक्ष माणसे मोजण्याचा टप्पा, ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. पुढची फेब्रुवारी २०२७मध्ये ठरली आहे. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. मुकादमाची उचल घेतलेली नंदुरबारची कुटुंबे त्या दिवसांत बारडोली-सुरतेकडच्या कारखान्यांच्या फडांत असतात, काही सौराष्ट्रात, काही पश्चिम महाराष्ट्रात. मोजणीच्या सर्व काळात घराबाहेर असलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजला जातो. म्हणजे पाड्याचा फेब्रुवारीचा आकडा हा म्हाताऱ्यांचा आणि मागे ठेवलेल्या मुलांचा आकडा असू शकतो, आणि त्यावरच दहा वर्षे रस्ता, उपकेंद्र आणि धान्याचा कोटा ठरणार. हा दोष मोजणीच्या वेळेचा आहे आणि तो प्रसिद्धीने दूर होणार नाही. पण पाडानिहाय नकाशा खुला असेल तर घरयादीत चाळीस घरे आणि लोकगणनेत साठच माणसे, अशी विसंगती गावच्या शिक्षकालाही दिसेल आणि तो बोट ठेवू शकेल. गावाच्या बेरजेत ती विसंगती विरून जाते. स्थलांतराचे तक्ते त्यासाठी आहेत असे म्हणावे, तर २०११चे ते तक्ते २०१९मध्ये आले, आणि भाषांचे २०१८मध्ये. तोवर त्या वर्षी जन्मलेली मुले शाळेत दुसरी-तिसरीला पोहोचली होती.

या खेपेला परिस्थिती अनुकूल आहे. प्रगणक मोबाइल अॅपवर माहिती भरणार, प्रत्येक प्रगणकाला नेमून दिलेल्या मोजणीच्या गटांच्या सीमा डिजिटल नकाशावर आखल्या जाणार, घरांची स्थाने नोंदली जाणार असे सरकारने सांगितले आहे. याआधी प्रगणक हाताने नजरी नकाशा काढत असे आणि तो कार्यालयातच पडून राहत असे. या जनगणनेसाठी केंद्राने ११,७१८ कोटी रुपये मंजूर केले आहेत. गोळा झालेली माहिती नकाशावर मांडून खुली करण्याचा खर्च त्याच्या तुलनेत किरकोळ आहे. नकाशांवरचे जुने निर्बंध केंद्रानेच फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी सैल केले. त्यामुळे सुरक्षिततेचे कारणही उरलेले नाही. शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आपल्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची प्रतिमा नोंदवायला या जिल्ह्यातले आदिवासी देशात सर्वांच्या आधी पुढे आले. माहिती देण्यात जे पहिले होते, त्यांना तिचा उपयोग मिळण्यात शेवटचे ठेवू नये.

काम कोणी काय करायचे हेही अवघड नाही. मोजणीच्या गटांच्या सीमा आखताना एक पाडा दोन गटांत तुटू नये आणि नाल्यापलीकडचे दोन पाडे केवळ सोय म्हणून एका गटात कोंबले जाऊ नयेत, एवढी सूचना तहसीलदारांना, जे जनगणनेचे चार्ज अधिकारी असतात, जिल्हाधिकारी देऊ शकतात. पाड्यांची मराठी नावे ग्रामसभेकडून तपासून घेता येतात. भिली, पावरी, मावची, देहवाली बोलणाऱ्यांनी ठेवलेली नावे कारकुनाच्या कानाला जशी वाटली तशी न लिहिता, ती माणसे म्हणतात तशी. कोणते रकाने कोणत्या पातळीवर, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या स्वरूपात खुले होतील, याचे वेळापत्रक महानिबंधक आणि जनगणना आयुक्तांनी लोकगणनेआधी जाहीर करावे. राज्य सरकारने महाभूनकाशाच्या जोडीला ते मराठीत दाखवण्याची तयारी आत्ताच सुरू करावी, आणि जिल्हा परिषदेने प्रत्येक ग्रामपंचायतीत तिच्या पाड्यांचा आकड्यांसह छापील नकाशा लावण्याची तरतूद पुढच्या अंदाजपत्रकात करावी.